उसनी बैलजोडी देण्यापूर्वी

मृगाच्या सरी पडून राबातील रोप वीतभर वाढले, की शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील भातशेतकऱ्याला एकाच गोष्टीची निकड भासू लागते, आणि ती म्हणजे चिखलणीसाठी बैलजोडी. पुनर्वसू आणि पुष्य ही दोन नक्षत्रे संपण्याच्या आत आटगावासारख्या गावातील सर्व खाचरांची चिखलणी व आवणी उरकावी लागते. रोप २१ ते २५ दिवसांचे असताना लावले तर त्यास फुटवे चांगले येतात. ते राबातच थोराड होऊ दिले तर पुढे कितीही खत घातले तरी गेलेले फुटवे परत येत नाहीत, हे आता बहुतेक शेतकऱ्यांस ठाऊक आहे. हळव्या वाणांचे रोप तर मुळीच थांबत नाही. म्हणजे जोडी सर्वांना हवी असते, आणि ती एकाच वेळी हवी असते.

जोड्या मात्र पूर्वीइतक्या राहिलेल्या नाहीत. २०१२ च्या पशुगणनेत देशातील गोवर्गातील नर जनावरांची संख्या सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आली. सात वर्षांत जवळजवळ तीन दशांश घट झाली. पॉवर टिलर व ट्रॅक्टर यांनी त्या बैलांची जागा पुष्कळ ठिकाणी घेतली आहे आणि ते योग्यही आहे. परंतु डोंगरउतारावरील लहान लहान खाचरांत, जेथे बांध ओलांडल्याखेरीज पुढच्या तुकड्यात जाता येत नाही, तेथे यंत्र उतरविणे कठीण पडते. अशा ठिकाणी पाड्यावर उरलेल्या दोन-चार जोड्यांवरच सर्वांची भिस्त असते. जोडी जितकी दुर्मिळ तितकी ती अधिक घरी मागितली जाते, आणि जितकी अधिक घरी जाते तितकी ती लवकर झिजते. उसनवारीचा प्रश्न आज पूर्वीहून अधिक बिकट झाला आहे तो या कारणाने.

जोडी देणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. कोणी सावडीत जोडी घालतो, कोणी एकेक बैल असलेले दोघे मिळून एक जू जोडतात, तर ज्याच्या दाराशी जनावरच नाही तो आवणीला घरची माणसे पाठवून जोडीची फेड करतो. ही रीत मोडावी असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही, कारण ती मोडली तर गावातील गरीब कुटुंबांची खाचरे पडून राहतील. दोष देण्यात नाही. काहीही न बोलता देण्यात आहे. भावकीतल्या माणसाने, शेजाऱ्याने किंवा गाववाल्याने बांधावर उभे राहून जोडी मागितली, की मालक भिडेपोटी "घेऊन जा" एवढेच म्हणतो. किती दिवस, कोणते शेत, नांगर कोण धरणार, वैरण कोणाची, यांपैकी एकही शब्द निघत नाही. मग श्रावणात सुजलेला खांदा घेऊन बैल परत येतो, आणि त्या दोन घरांचे बोलणे पुढच्या आषाढापर्यंत बंद होते. जे आधी बोलावयास लाजतात तेच मागाहून चावडीवर मोठ्याने बोलतात, असा अनुभव आहे.

या बाबतीत कायद्यात एक मनोरंजक गोष्ट आढळते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एकाची वस्तू दुसऱ्याच्या हाती काही कामापुरती सोपविण्याविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातील नियम समजावून देण्यासाठी जी उदाहरणे घातली आहेत त्यांतील काही उसन्या किंवा भाड्याच्या घोड्याची आहेत. आटगावच्या रस्त्याने आता घोडा दिसला तर तो वरातीचाच असावयाचा. परंतु त्या घोड्याच्या जागी बैल घातला तरी नियम तसाच लागू पडतो. एकाने आपला द्वाड घोडा, तो द्वाड आहे हे ठाऊक असूनही न सांगता दुसऱ्यास दिला, घोडा उधळला आणि स्वार पडून जखमी झाला, तर भरपाई घोडा देणाऱ्याने करावयाची. शिंग उगारणारा, छत्री पाहून बुजणारा किंवा अनोळखी माणसास लाथ मारणारा बैल ज्याच्या गोठ्यात आहे त्याने हे ध्यानात ठेवावे. आणि जोडी भाड्याने दिली असेल तर जबाबदारी आणखी वाढते. दोष आपणास माहीत नव्हता, ही सबब तेथे चालत नाही. पैसे घेणाऱ्याने आपले जनावर आधी पारखलेले असले पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे.

दुसरे उदाहरण नेणाऱ्यास लागू आहे. एकाने स्वतःच्या स्वारीपुरता म्हणून घोडा नेला आणि तो घरातील दुसऱ्या माणसास बसावयास दिला. त्या माणसाने काळजीपूर्वक हाकूनही घोडा पडून जखमी झाला. तरी नुकसान नेणाऱ्यानेच भरून द्यावे लागते. ज्या कामासाठी आणि ज्या माणसासाठी जनावर दिले त्यापलीकडे त्याचा उपयोग झाला, की सांभाळून वापरल्याचे समाधान पुरे पडत नाही. आपल्याकडे नेमके हेच घडते. जोडी एका खाचरासाठी नेली जाते, ते दहा वाजता संपते, आणि बैल जुंपलेलेच आहेत म्हणून मेहुण्याचेही एक खाचर त्याच चिखलात उरकून घेतले जाते. यात कोणाची लबाडी असते असे नव्हे. पण मालकाला विचारलेले नसते.

याची उलट बाजूही मालकाने समजून घ्यावी. नेणाऱ्याने जोडी ठरल्याप्रमाणेच वापरली, स्वतःच्या जनावराची घ्यावी तशी काळजी घेतली आणि तरीही वीज पडून किंवा साप चावून बैल दगावला, तर आधी वेगळे काही ठरले नसल्यास त्याची भरपाई नेणाऱ्याकडून मागता येत नाही. ते नुकसान मालकाचे. तेव्हा उसना बैल देणारा माणूस केवळ चार दिवसांचे श्रम देत नाही. प्रसंगी अख्खा बैल पणास लावीत असतो. नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्या बैलासाठी शासनाच्या २०२२ च्या मानकांत ३२,००० रुपये मदत धरली होती. आज दोन चांगल्या बैलांपैकी एक गेला तर तेवढ्यात जोड जुळत नाही, हे पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेत बैल घेण्यास गेलेल्या कोणालाही सांगावयास नको. जनावराचा विमा असेल तर ओळखीचा बिल्ला कानात असल्याखेरीज दावा टिकत नाही. बिल्ला पडला असेल तर तो जोडी देण्यापूर्वी पुन्हा मारून घ्यावा. बैल दुसऱ्याच्या शेतात दगावला तरी त्याच दिवशी मालकास, तलाठ्यास आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणे आवश्यक आहे. पंचनाम्यापूर्वी पुरून टाकलेल्या बैलाची मदत मिळविणे फार अवघड जाते.

कायद्याची बाजू येथवर पुरे. खरी परीक्षा जनावराच्या अंगावर होते. चिखलणी हे वर्षातील सर्वांत जड काम आहे. गुडघाभर चिखलात बैलाला नांगर ओढावा लागतो आणि त्याच वेळी स्वतःचा पायही दर पावलागणिक उपसून काढावा लागतो. बैल दीर्घकाळ जी ओढ देऊ शकतो ती त्याच्या वजनाच्या साधारण एक दशांश इतकी असते. म्हणजे आपल्याकडील अडीचशे किलोच्या लहान चणीच्या बैलांची जोडी पन्नास-साठ किलोच्या ओढीपर्यंत नेटाने चालते. त्यापुढे तिला मारून चालवावे लागते. घाटावरच्या थोराड जोडीचे काम पाहून आलेला माणूस या जोडीकडून तेवढेच काम मागू लागला, तर दोष बैलाचा नव्हे.

गाडीला किंवा ओझ्याला जुंपलेल्या जनावरांसाठी १९६५ च्या नियमांत दिवसाकाठी नऊ तासांची आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांची मर्यादा घातलेली आहे. ती गाडीवाटेची मर्यादा झाली. चिखलणीत सकाळचे तीन-साडेतीन तास आणि दुपारी ऊन उतरल्यावर दोन-अडीच तास, एवढे काम पुष्कळ समजावे. रेड्यांची जोडी असेल तर तिला मधल्या वेळी डबक्यात डुंबू देणे हे लाड नव्हेत. रेड्याला घाम कमी येतो, पाण्यावाचून त्याचे अंग तापते. मालकाची जोडी सकाळी स्वतःच्या शेतात राबून दुपारी दुसऱ्याच्या शेतात जात असेल तर तिचा तो एकच दिवस असतो, दोन दिवस नव्हेत. हा साधा हिशेब पुष्कळदा कोणी करीत नाही, कारण मालक फक्त सकाळ पाहतो आणि नेणारा फक्त दुपार.

एकेक बैल असलेल्या दोघांनी मिळून जोडी करावयाची असेल तर आणखी एक पारख करावी लागते. दोन्ही बैलांची उंची व चाल जुळली पाहिजे. एक उंच व एक ठेंगणा असेल तर जू तिरपे बसते, आणि ते ज्याच्या मानेवर घासते त्याचा खांदा आठवडाभरात सोलवटतो. एक चपळ व एक मंद असेल तर मंद बैलाला पराणी बसत राहते. शिवाय डाव्या अंगाला शिकलेला बैल उजव्या अंगाला जुंपला तर तो बावचळतो, तास वाकडे जाते आणि हाकणारा चिडतो. चैत्र-वैशाखातच चार दिवस दोन्ही बैल एकत्र जुंपून पाहावेत. आवणीच्या दिवशी प्रथमच ओळख झालेले बैल एकमेकांना शिंगे दाखवीत उभे राहिले तर तेथे कोणाचाच इलाज चालत नाही.

नांगर कोणी धरावा? या प्रश्नावर गावोगाव दोन मते ऐकू येतात. जोडीबरोबर मालकाने स्वतःचा माणूस पाठविला तर तो अविश्वास दाखविल्यासारखे होते, असे काही जण मानतात. हे मत टाकून द्यावे. बैल आवाज ओळखतो. रोजच्या माणसाच्या एका हाकेवर जो बैल वळतो त्यालाच परक्याच्या हाताखाली दहा फटके बसतात. घरचा नांगऱ्या बरोबर गेला तर काम लवकर होते, बैल केव्हा थकला ते त्याला कळते, आणि "बस, आता सोडा" असे म्हणण्याचा अधिकारही त्यालाच असतो. नेणाऱ्याला ते म्हणवत नाही, कारण त्याचे खाचर अर्धे राहिलेले असते. त्याची मजुरी व जेवण नेणाऱ्याने द्यावे, हे योग्यच होय. मालकाकडे पाठविण्यास माणूस नसेल तर निदान पहिल्या दिवशी तासभर तरी त्याने बांधावर उभे राहावे.

खांद्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे जरूर आहे, कारण उसन्या जोडीचे सर्वांत मोठे दुखणे तेच. पावसाने भिजलेली कातडी मऊ पडते. तिच्यावर खरबरीत जू घासले की प्रथम केस जातात, मग सूज येते, मग जखम होते आणि तिच्यावर माशी बसून अळ्या पडतात. जू गुळगुळीत तासलेले असावे, शिवळा व जोती नीट बसलेल्या असाव्यात, आणि शक्यतो बैलाबरोबर त्याचे नेहमीचेच जू पाठवावे; परक्या जुवाची बैठक वेगळी असते. सूज दिसताच काम थांबवावे. जखम झाली असेल तर ती कोमट मीठपाण्याने स्वच्छ करून जंतुनाशक मलम लावावे, भोवती कडुनिंबाचे किंवा करंजाचे तेल लावून माशा दूर ठेवाव्यात आणि दवाखान्यात दाखवावे. जळके ऑइल व रॉकेल ओतण्याची खोड मात्र सोडली पाहिजे. जखम पूर्ण भरेपर्यंत जू ठेवू नये, मग कोणाचेही खाचर राहो.

वैरणीच्या बाबतीत नेणाऱ्याची हयगय होते तशी त्याची अतिरिक्त मायाही नडते. भाताच्या नुसत्या पेंढ्यावर कामाचा बैल टिकत नाही. पेंढ्यात सत्त्व फारच थोडे असते. त्याला हिरवा चारा आणि दिवसाला दीड-दोन किलो पेंड-भुश्याचा खुराक पाहिजे. उलट, दुसऱ्याच्या बैलाला उपाशी पाठवू नये म्हणून काही घरी संध्याकाळी पाटीभर शिजलेला भात किंवा पीठ एकदम पुढे ठेवतात. सवय नसलेल्या जनावराच्या पोटात ते आंबते, पोट फुगते, आणि कधी कधी बैल दोन दिवसांत हातचा जातो. मालकाने रोजचा खुराक काय व किती ते सांगावे आणि तोच बरोबर द्यावा. त्याचे पैसे घ्यावयाचे की नाहीत हे ज्याचे त्याने पाहावे.

आता रोगराईकडे वळू. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगामुळे राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले आणि जनावरांची ने-आण थांबवावी लागली. त्या वर्षी बाजार बंद राहिले तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांतील उसनवारी सर्वत्र थांबली असेल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. लम्पी चावणाऱ्या माश्या-डासांनी पसरतो, लाळ-खुरकूत एकाच डोणीतल्या पाण्यानेही पसरतो, आणि गोचिडे तर एका रात्रीत गोठा बदलतात. ज्या मालकाच्या गोठ्यात संकरित दुभती गाय आहे त्याला हा धोका दुहेरी आहे. गावठी बैल गोचिडाचा ताप पचवितो, पण त्याने आणलेल्या गोचिडाने संकरित गाय आडवी होते. म्हणून जोडी जवळच्या पाड्यावर गेली असेल तर रात्री ती घरच्याच दावणीला परत यावी, तिचे दावे व बादली तिच्याबरोबर जावी, आणि नेणाऱ्याच्या गोठ्यात आजारी जनावर असेल तर त्याने ते लपवू नये. संसर्गजन्य रोगाची खबर देणे आणि आजारी जनावर वेगळे बांधणे हे २००९ च्या कायद्याने मालकाचे कर्तव्यच ठरविले आहे.

घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी घ्याव्या लागतात. लस टोचल्यापासून अंगात प्रतिकारशक्ती येण्यास दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा जूनच्या अखेरीस टोचलेली लस जुलैच्या पहिल्या आठवड्यातील चिखलणीला फारशी कामी येत नाही. रेडा तर घटसर्पास विशेष बळी पडतो. ग्रामसेवकाने येथे एक गोष्ट करण्यासारखी आहे. गावात कोणाच्या किती जोड्या आहेत ही नोंद दप्तरात असतेच. पण कोणाची जोडी कोणत्या पाड्यावर, कोणाकोणाकडे जाते, हे त्याने वैशाखात विचारून ठेवावे. लसीकरणाच्या दिवशी प्रथम या फिरत्या जोड्या दावणीवर उभ्या राहतील असे पाहावे. घरच्या शेतापुरत्या राबणाऱ्या जोडीपेक्षा पाच घरे फिरणारी जोडी रोगाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची असते.

शेवटची गोष्ट फेडीची, आणि ती नाजूक आहे. ज्याच्याकडे जोडी नाही तो बहुधा ठाकूर-कातकरी वाडीतला किंवा अल्पभूधारक असतो. त्याची पाळी बहुतेक सर्वांच्या शेवटी लागते, तोवर त्याचे रोप म्हातारे झालेले असते, आणि फेड म्हणून त्याच्या घरची माणसे मात्र मालकाच्या आवणीला आधीच राबून गेलेली असतात. हा सौदा सरळ नाही. अर्ध्या दिवसाच्या चिखलणीबद्दल किती माणसांचे किती दिवस, हे चैत्रातच दोघांच्या तोंडून ठरावे, आणि जोडीचा दिवसही तेव्हाच नेमला जावा. पाऊस पुढेमागे झाला तर दिवस सरकेल, पण क्रम बदलू नये. फेड त्याच हंगामात संपली पाहिजे. ठाणे जिल्ह्याने वेठबिगार आणि लग्नगडी ही दोन्ही पाहिलेली आहेत. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची पद्धती नष्ट केली असली, तरी एका वर्षीच्या जोडीचे देणे दुसऱ्या वर्षीच्या कापणीत आणि तिसऱ्या वर्षीच्या झोडणीत ओढले जाऊ लागले, म्हणजे तीच वाट पुन्हा सुरू झाली असे समजावे. मालकाला रोख भाडे परवडत असेल व नेणाऱ्याला देता येत असेल तर रोख व्यवहारच बरा. त्यात माया कमी झाली तरी हिशेब संपतो.

काही गावांत जोडी नसलेल्या चार-पाच कुटुंबांनी बचत गटातून एक जोडी घ्यावी असा विचार बोलून दाखविला जातो. विचार चांगला आहे, परंतु गटाच्या जोडीला वर्षभर चारा घालणारा एकच माणूस असला पाहिजे. पाळीपाळीने सांभाळलेला बैल सर्वांचा असतो तेव्हा रात्री उठून त्याला पाणी दाखविणारा कोणी नसतो.

जोडी परत करावयाची ती दोघांच्या समक्ष, दिवसाउजेडी करावी. बैलांचे अंग व पाय धुवावेत, खुरांच्या बेचक्यांत अडकलेला चिखल व खडे काढून जखम आहे का ते पाहावे, जू काढून खांद्यावर हात फिरवावा, कानामागे व कासेत गोचीड शोधावी. काही आढळले तर त्याच वेळी बोलावे. त्यानंतर दोन दिवस जोडी कोणालाही देऊ नये, मग मागणारा सख्खा भाऊ असला तरीही.